रेषा शून्याला टेकते का?

येळवशीच्या दुसऱ्या दिवशी रात्री नऊच्या सुमारास निलंगा तालुक्यातल्या एका गावातून ५८ वर्षांच्या मावशींना घरच्यांनी आमच्याकडे आणलं. मी लातुरात आठ खाटांच्या एका आयसीयूत भूलतज्ज्ञ आहे. तोंडावाटे श्वासनलिकेत नळी टाकलेले, श्वास देणाऱ्या मशीनवर (व्हेंटिलेटरवर) असलेले पेशंट बहुतेक माझ्याच वाट्याला येतात. ओळख पटेल असे तपशील मी इथे काढून टाकले आहेत.

लातूर-धाराशिवकडच्या वाचकांना येळवस सांगायला नको. मार्गशीर्ष अमावास्येला गावंच्या गावं शेतात जेवायला जातात आणि आदल्या दिवसापासून घरातल्या बायका चुलीपुढून उठत नाहीत. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, मडकंभर आंबील. मावशींच्या घरी गॅस आहे, पण त्यावर चहा आणि सकाळची भाजी होते. वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक तुराट्यांवर आणि गोवऱ्यांवरच. मावशींनी कधी बिडीला हात लावलेला नाही. तरी चाळीस वर्षं चुलीपुढे बसून त्यांच्या फुफ्फुसांची अवस्था पक्क्या बिडीवाल्यासारखीच झाली होती. थंडीत "दमा उठतो" असं घरचे म्हणायचे. खरं नाव सीओपीडी: श्वासनळ्या आतून सुजून अरुंद होतात, हवा आत जाते, पण बाहेर यायला फार वेळ घेते. पुढची सगळी गोष्ट या शेवटच्या वाक्यात आहे.

आल्या तेव्हा सॅच्युरेशन ७८ होतं. एका दमात एक शब्दही पुरा होत नव्हता. नेब्युलायझेशन, स्टेरॉइड, मास्कवर बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र), सगळं सुरू केलं. तासाभरात मात्र त्या पेंगायला लागल्या, हाक मारली तरी डोळे उघडेनात. रक्तातल्या वायूंची तपासणी, म्हणजे एबीजी, आली: पीएच ७.१६, म्हणजे रक्त फार आम्ल झालेलं, कार्बन डायऑक्साइड ९२, एरवी ४० च्या आसपास असतो. पावणेअकराला आरएमओने, म्हणजे ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरने, ७ नंबरची नळी टाकली आणि मावशी व्हेंटिलेटरवर गेल्या.

सेटिंग अशी लावली: व्हॉल्यूम कंट्रोल, टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात द्यायची हवा) ४५० मिली, रेट (मिनिटाला श्वास) २२, श्वास आत सोडायचा वेळ ०.९ सेकंद, पीप (श्वास सोडून झाल्यावरही छातीत ठेवायचा थोडा दाब) ५, ऑक्सिजन १०० टक्के. त्याने मला फोनवर विचारलंही. त्याचा हिशेब सरळ होता. कार्बन डायऑक्साइड ९२ आहे, तो धुऊन काढायचा, मग श्वास जास्त द्यायचे. मी गाडी चालवत होतो. "ठीक आहे, येतोच," म्हणालो. तिथेच थांबून "रेट का २२?" असं मी विचारायला हवं होतं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात माझा वाटा त्याच्याहून मोठा आहे.

व्हेंटिलेटरची स्क्रीन पहिल्यांदा बघणाऱ्याला आकड्यांची गर्दी दिसते. मी नव्या सिस्टरांना आणि आरएमओंना एकच गोष्ट आधी सांगतो: प्रत्येक आकड्याला विचारा, हा कुणी ठरवला? आमच्या मशीनवर खालच्या पट्टीत आपण सांगितलेले आकडे असतात: टायडल व्हॉल्यूम, रेट, पीप, ऑक्सिजन. बाजूच्या रकान्यात मशीनने मोजलेले असतात: पीक प्रेशर (श्वास आत जाताना चढलेला सगळ्यात जास्त दाब), बाहेर आलेला व्हॉल्यूम, प्रत्यक्ष रेट, मिनिट व्हॉल्यूम (मिनिटभरातली एकूण हवा). कंपनी बदलली की जागा बदलतात, पण हे दोन गट सगळीकडे असतात. पहिला गट हा आपला हुकूम, दुसरा पेशंटच्या छातीचा जबाब. मध्ये वर-खाली जाणाऱ्या दोन-तीन रेषा असतात, त्यातली एक दाबाची आणि एक फ्लोची, म्हणजे हवेच्या वेगाची.

त्या रात्री हुकूम ४५० चा होता आणि जबाब ३१० चा येत होता. पीक प्रेशरचा अलार्म ४० वर लावलेला होता. दाब तिथे पोहोचला की मशीन तो श्वास अर्धवट तोडतं, म्हणून पूर्ण हवा जातच नव्हती. अलार्म थांबेना. सक्शन करून पाहिलं, फारसं काही निघालं नाही. नळी दुमडलेली नव्हती, ओठांशी २० सेंटिमीटरवर नीट बसलेली होती, छाती दोन्ही बाजूंनी हलत होती. मग आरएमओने अलार्मची मर्यादा ६० केली. आवाज बंद झाला. ४५० च्या ४५० जायला लागले, पीक प्रेशर ४६ दिसायला लागलं आणि खोलीत सगळ्यांना हायसं वाटलं. स्क्रीनवर श्वास आत-बाहेरचं प्रमाण १:२ होतं, पुस्तकात असतं तसंच.

वीस मिनिटांत बीपी ११० वरून ७० वर आलं. नाडी १३४. मी पोहोचलो तेव्हा सिस्टर बीपी वाढवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनलिनचा पंप भरत होत्या.

मी आकड्यांकडे पाहिलं नाही. फ्लोची रेषा पाहिली. मशीन हवा आत सोडतं तेव्हा ही रेषा शून्याच्या वर जाते आणि पेशंट हवा बाहेर सोडतो तेव्हा शून्याच्या खाली उतरते. निरोगी छातीत ती खाली जाऊन लगेच वर वळते, शून्याला टेकते आणि पुढच्या श्वासापर्यंत शून्यावरच चालत राहते. मावशींची रेषा खाली जाऊन रेंगाळत वर येत होती, आणि शून्याला टेकायच्या आतच पुढचा श्वास तिला वर ओढून नेत होता. प्रत्येक वेळी. म्हणजे आधीची हवा बाहेर यायची होती आणि आम्ही वरून नवी भरत होतो. मिनिटाला २२ वेळा.

मी नळी मशीनपासून सोडवली.

तो आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना तो विसरता येत नाही. ट्रॅक्टरच्या ट्यूबमधला व्हॉल्व्ह दाबून धरावा तशी हवा बारीक आवाजात बाहेर येत राहिली. मी घड्याळ पाहत होतो, वीस सेकंद तरी ती येत होती. छातीवर हलका दाब दिला. मिनिटभरात बीपी ८८, मग १०४. पंप लावावाच लागला नाही. सलाईन ५०० मिली मात्र जोरात सोडलं, कारण दोन दिवसांच्या धापेत त्यांच्या पोटात पाणी फार गेलेलं नव्हतं.

छातीत हवा अडकून दाब वाढला की शरीरातून हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. हृदयात यायलाच रक्त नसेल तर ते पुढे काय ढकलणार? बीपी पडलं ते एवढ्यानेच. झोपेच्या औषधानेही बीपी पडतं, पाणी कमी असल्यानेही पडतं, आणि फुफ्फुसाला भोक पडून हवा बाहेर साठली तरी पडतं. नळी सोडवूनही बीपी उठलं नसतं तर मी त्या शेवटच्या कारणाचा विचार आधी केला असता. नंतरच्या एक्स-रेत तसं काही नव्हतं, फक्त फुगलेली, काळी, लांबुळकी फुफ्फुसं होती.

पुन्हा मशीनला जोडायच्या आधी रेट कमी करता आला असता. पण आरएमओला दाखवायचं होतं म्हणून मी तेवढ्यापुरती जुनीच सेटिंग लावली, बीपीवर एक डोळा ठेवून. मावशी पूर्ण झोपेत आणि स्नायू शिथिल केलेल्या होत्या, त्यामुळे मोजमाप खरं येणार होतं. सात-आठ श्वासांत हवा पुन्हा साठायला लागली तेव्हा दोन बटणं दाबली.

पहिलं बटण श्वास आत गेल्यावर क्षणभर रोखून धरायचं. वाहती हवा थांबली की नळ्यांमधल्या घर्षणाचा दाब जातो आणि उरतो तो फुफ्फुसाच्या आतला खरा दाब. त्याला प्लॅटो प्रेशर म्हणतात. पीक ४६ होतं, प्लॅटो ३० आलं. मधला १६ चा फरक हा अरुंद नळ्यांचा. दाब इथे सेंटिमीटर पाण्यात मोजतात, म्हणजे तेवढ्या उंच पाण्याच्या उभ्या नळीच्या बुडाशी असतो तेवढा. मावशींच्या मुलाला हे दुसऱ्या दिवशी ठिबकच्या भाषेत लगेच कळलं. फिल्टरच्या अलीकडे दाबाचं एक घड्याळ आणि पलीकडे एक. दोन्हीतलं अंतर वाढलं की फिल्टर तुंबलंय. दोन्ही काटे एकदमच चढले तर अडचण पुढे कुठेतरी आहे. मावशींचं फिल्टर तुंबलेलं होतं. आणि पलीकडचा काटासुद्धा चढलेला होता, कारण प्लॅटो ३० च्या खाली ठेवायचं असतं आणि आम्ही काठावर होतो.

का चढलं होतं, ते दुसऱ्या बटणाने सांगितलं. श्वास बाहेर सोडून झाल्यावर मशीनची दारं दोन-तीन सेकंद बंद ठेवायची. आपण लावलेलं पीप ५. आतून आकडा आला १९. म्हणजे १४ चा दाब छातीत असा होता जो कुणी मागितलेला नव्हता. हाच ऑटो-पीप. आमच्या मशीनवर हे बटण दाबल्याशिवाय तो कुठल्याही रकान्यात येत नाही. पीपच्या खाली ५ असंच दिसत राहतं, आणि तो ५ आपलाच आकडा असतो.

मग १:२ चं काय? कागद घेऊन मी आरएमओला बसवलं. मिनिटाचे ६० सेकंद, २२ श्वास, म्हणजे एका श्वासाला २.७ सेकंद. त्यातले ०.९ आत जायला. बाहेर यायला उरले १.८ सेकंद. गुणोत्तर पुस्तकातलं असलं तरी मावशींच्या छातीला गुणोत्तर कळत नाही, तिला सेकंद लागतात. रेट १२ केला की एका श्वासाला ५ सेकंद मिळतात. आत जायचा वेळ ०.७ केला की बाहेर यायला ४.३ सेकंद उरतात. आत जायचा वेळ कमी करून आपण ०.२ सेकंद मिळवले, रेट कमी करून सव्वादोन. म्हणून अशा पेशंटला आधी हात रेटच्या बटणावर जायला हवा.

टायडल व्हॉल्यूमचीही चूक होती. वजन ६० किलो धरून ४५० लावलं होतं. पण फुफ्फुसं पोटासोबत वाढत नाहीत, ती उंचीप्रमाणे असतात. बाईसाठी हिशेब असा: उंचीतून १५२.४ वजा करायचे, ०.९१ ने गुणायचं, ४५.५ मिळवायचे. मावशींची उंची टेपने मोजली तर १५० सेंटिमीटर, म्हणजे हिशेबाचं वजन ४३ किलो. त्या मानाने ४५० म्हणजे किलोला दहा मिलीच्याही वर. आम्ही ३४० वर आणलं, किलोला आठच्या आत. आपल्याकडच्या कष्टकरी बायकांची उंची पाहता डोळे झाकून ४५०-५०० लावण्याची सवय मोडलीच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. पलंगाशेजारी टेप टांगून ठेवायला फार खर्च येत नाही.

नवी सेटिंग: ३४० मिली, रेट १२, आत जायचा वेळ ०.७, पीप ५. पीक ३२, प्लॅटो १६, आतलं एकूण पीप ८. रेषा आता शून्याच्या अगदी जवळ येत होती, पुरती टेकत नव्हती. एवढं त्या रात्री चालण्यासारखं होतं.

आरएमओची शंका रास्त होती. मिनिटाला दहा लिटर हवा देत होतो ती चारवर आणली, मग कार्बन डायऑक्साइड वाढणार नाही का? दोन तासांनी एबीजी केली: पीएच ७.२१, कार्बन डायऑक्साइड ८०. उलट कमी झाला होता. फुग्यासारख्या ताणलेल्या फुफ्फुसात रक्त नीट फिरत नाही, तिथे हवा कितीही कोंबली तरी वायूंची देवाणघेवाण नीट होत नाही. शिवाय तो वाढला असता, पीएच ७.२ च्या आसपास राहिला असता, तरी मी रेट वाढवला नसता. मावशींचं शरीर जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडला वर्षानुवर्षं सरावलेलं होतं. तो एका रात्रीत पुस्तकातल्या ४० वर आणायची आपल्याला घाई असते, त्यांना नसते. सकाळी तो ६४ होता, पीएच ७.३२.

पहाटे एक वेगळाच प्रसंग झाला. मी ऑक्सिजन १०० वरून टप्प्याटप्प्याने ३५ टक्क्यांवर आणला होता. काचेतून मुलगा मॉनिटर बघत रात्रभर बसलेला. तो धावत आला.

"सर, रात्री नव्याण्णव होतं की! आता एक्क्याण्णव. मायचं कमी होऊलालंय!"

करोनाच्या दोन वर्षांनी घराघरात सॅच्युरेशनचा आकडा शिकवला. नव्वदच्या खाली धोका, जितका जास्त तितका चांगला, हे गावातल्या लहान पोरालाही माहीत आहे. त्याच्या भीतीत काही चूक नव्हतं. मी त्याला खुर्चीवर बसवलं, म्हटलं, "दादा, हा आकडा मी मुद्दाम इथे ठेवलाय. मायच्या आजारात ८८ ते ९२ म्हणजे बरोबर. त्याच्या वर नेला तर कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि नळी काढायची वेळ येते तेव्हा अडचण होते." त्याने वहीच्या कागदावर "८८-९२" लिहून घेतलं आणि खिशात ठेवलं. नंतर आलेल्या प्रत्येक नातेवाइकाला तो कागद काढून दाखवत होता. नातेवाइकांना स्क्रीन समजावून सांगण्यात वेळ जातो म्हणून आपण टाळतो. पण ते बघतातच, काचेला नाक लावून बघतात. मग अर्धवट बघण्यापेक्षा नीट बघू द्यावं.

तिसऱ्या दिवशी स्टेरॉइड आणि नेब्युलायझेशनने नळ्या सैल झाल्या. झोपेचं औषध कमी केलं आणि मावशींना प्रेशर सपोर्टवर घेतलं. यात श्वास पेशंट सुरू करतो आणि मशीन त्याला वरून जोर देतं. सपोर्ट १६, पीप ५. दुपारी राउंडला स्क्रीनवर रेट १४, टायडल व्हॉल्यूम ४८०, सॅच्युरेशन ९१. इतके देखणे आकडे पाहून मी पुढच्या खाटेकडे वळलो होतो. आमच्या सिस्टर, वीस वर्षं आयसीयूत काढलेल्या, मावशींच्या पोटावर हात ठेवून उभ्या होत्या.

"सर, मशीन चौदा दाखवतंय. पण मावशी सव्वीसदा ओढूलाल्यात."

मी हात ठेवला. खरंच होतं. जवळजवळ दर दुसरा श्वास मशीनला कळतच नव्हता. फ्लोच्या रेषेत, खालच्या भागात, नीट पाहिलं तर लहान लहान खाचा दिसत होत्या. ते मावशींचे वाया गेलेले श्वास. हवा अडकलेली असते तेव्हा मशीनला इशारा मिळण्याआधी पेशंटला तो अडकलेला दाब ओढून संपवावा लागतो. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं की पोहरा पाण्याला लागेपर्यंतच हात भरून येतात, तसं. आणि आम्ही सपोर्ट भरपूर दिल्यामुळे प्रत्येक श्वास मोठा, लांबलेला, म्हणून आणखी हवा अडकलेली.

सपोर्ट १६ वरून १० केला. मशीनने जोर कधी सोडायचा ती सेटिंग २५ टक्क्यांवर होती, म्हणजे आत जाणारा फ्लो सुरुवातीच्या पाव भागावर येईपर्यंत मशीन ढकलत राहायचं. ती ४५ वर नेली, म्हणजे मशीन लवकर थांबेल आणि बाहेर सोडायला वेळ मिळेल. पीप ५ वरून ७ केलं, विहिरीचं पाणी थोडं वर आणावं तसं. पीप वाढवताना आतल्या अडकलेल्या दाबाच्या खालीच राहायचं, नाहीतर फुगा आणखी फुगतो. दहा मिनिटांनी स्क्रीनवर २२ आणि सिस्टरांच्या हाताखालीही २२. आकडा दिसायला आधीपेक्षा वाईट होता. मावशींच्या मानेच्या शिरा मात्र खाली बसल्या होत्या.

चौथ्या दिवशी सकाळी सपोर्ट ७, पीप ५ ठेवून अर्धा तास पाहिलं. रेट २४, टायडल व्हॉल्यूम ३१० मिली. रेटला लिटरमधल्या व्हॉल्यूमने भागायचं: ७७. हा आकडा १०५ च्या खाली असेल तर नळी निघण्याची शक्यता चांगली मानतात. नळी काढली आणि लगेच बायपॅपवर घेतलं, कारण अशा पेशंटना नळी काढल्यावर मास्कचा आधार दिला तर पुन्हा नळी टाकायची वेळ कमी येते. घसा बसलेल्या आवाजात त्यांनी आधी आंबिलीचं मडकं शेतातून आणलं का ते विचारलं.

त्यानंतर आमच्या तासातासाच्या चार्टमध्ये दोन रकाने वाढवले. एका रकान्यात सेट आणि मोजलेला रेट शेजारी शेजारी, आणि तिसरा हाताने मोजलेला. दुसऱ्या रकान्यात "रेषा शून्याला टेकते का?" त्याखाली हो किंवा नाही. अलार्मची मर्यादा बदलली तर कुणी, कधी आणि का, हे सहीसकट लिहायचं. आरएमओने त्या रात्रीचा हिशेब, २.७ आणि ५ सेकंदांचा, स्वतःच्या अक्षरात लिहून मशीनच्या बाजूला चिकटवला आहे.

महाशिवरात्रीच्या आसपास मावशी तपासायला आल्या. बसून सॅच्युरेशन ९०. दम्याचा पंप (इनहेलर) कसा घेता ते करून दाखवा म्हटलं तर त्या औषध ओढण्याऐवजी नळीत फुंकर मारत होत्या, दोन महिने तसंच चाललं होतं. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) देऊन पुन्हा शिकवलं, सुनेकडूनही करून घेतलं. चूल घरातून अंगणात छपराखाली हलवली आहे. गॅसवरची भाकरी अजून त्यांच्या पसंतीला उतरलेली नाही, पण सून करते आणि त्या खातात.